दामिनीच्या नावाचं स्क्रॅप

गोविंदाचा स्वभाव संशयी, असं त्याची बायको वच्छला म्हणायची. गोविंदा म्हणायचा, स्वभाव नाही बाई, नोकरी. बल्लारपूरजवळच्या एका खाणीच्या यार्डावर तो चौकीदार होता. मोडके पंप, गंजलेले रूळ, जळालेल्या मोटारी, केबलचे तुकडे असा निकामी माल तिथे येऊन पडायचा आणि लिलाव होईपर्यंत पडून राहायचा. निकामी आपलं म्हणायला. अर्ध्या गावाचा डोळा त्याच्यावर. कोणी डब्यात भाजीखाली तांब्याची तार दाबून नेणार, कोणी सायकलच्या नळीत पितळेचे तुकडे कोंबणार. त्यामुळे समोरचा माणूस 'राम राम' म्हणाला, की गोविंदाची नजर आधी त्याच्या पिशवीवर जायची आणि मग त्याच्या तोंडावर. सासुरवाडीहून पाहुणा आला तरी तेच. वच्छलाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यार्डातल्या त्या मालाला भंगार कोणी म्हणत नसे. मोठ्या साहेबापासून हमालापर्यंत सगळे म्हणत, स्क्रॅप. गोविंदाला इंग्रजीचा गंध नव्हता, पण हा एक शब्द त्याच्या हाडात मुरला होता. झोपेत कोणी उच्चारला तरी जाग यावी इतका.

आणि तसंच झालं. दोन हजार आठ सालचा फेब्रुवारी. रात्रपाळी करून आलेला गोविंदा दुपारी आतल्या खोलीत आडवा झाला होता. बाहेर ओट्यावर त्याची पोरगी दामिनी आणि तिची मैत्रीण रंजीता हळू आवाजात बोलत होत्या. दोघी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, एकाच वर्गात.

"आज बी तुया नावानं स्क्रॅप टाकले त्यायनं," रंजीता म्हणाली.

"कोणाकोणाले?"

"सगळ्यायलेच टाकून राह्यले. सरायले बी."

"अन् डिलीट?"

"होतच नाई ना, बापा. आपल्या हातात नाई थे."

गोविंदा ताडकन उठून बसला. त्यातलं 'डिलीट' त्याच्या कानापर्यंत पोचलं ते 'डिलिव्हरी' होऊन. आपल्या पोरीच्या नावानं स्क्रॅप टाकतात, आणि डिलिव्हरी अजून व्हायची आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं घाबरण्यासारखं काय त्यात. त्या दिवसांत गावोगावी नेट कॅफे निघाले होते. कॉलेजची पोरं तिथे ताटकळत बसून ऑर्कुट उघडायची, आणि त्या ऑर्कुटवर एकमेकांना जो निरोप टाकतात त्याला म्हणायचे स्क्रॅप. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. गोविंदाला नव्हतं. त्याला एकच स्क्रॅप माहीत, जो उचलायला क्रेन लागते.

बरं, उठून बाहेर जाऊन सरळ विचारावं, तर तोही त्याचा पिंड नव्हे. चोराला विचारलं की चोर सावध होतो, हे त्याचं चौकीदारी शहाणपण. तो पुन्हा आडवा झाला आणि छताकडे पाहत राहिला. दामिनी त्याची एकुलती एक. सावली तालुक्यातल्या त्याच्या गावात भाऊबंद अजून तलावात जाळं टाकत होते, आणि त्या सगळ्या ढिवरांच्या घरांत कॉलेजात गेलेली ही पहिली पोरगी. नोकरी गेली तर जाऊ दे, तो पुन्हा जाळं हातात घेईल. पण पोरगी ठाण्यात बसलेली त्याला पाहवणार नव्हती.

त्या दिवसापासून तो घरातही पहाऱ्यावर लागला.

आणि पहारा ठेवला, की दिसायचं ते दिसतंच. दामिनी जेवत नव्हती. भाताची गोळी करून ताटात फिरवायची आणि उठायची. गल्लीतून जाताना ओढणी नाकाडोळ्यापर्यंत गुंडाळायची. उन्हाच्या नावानं सगळ्याच पोरी गुंडाळतात म्हणा, पण ही ढगाळ दिवशीही गुंडाळी. येताना मोठा रस्ता सोडून मागच्या बोळीतून येई. चौकात पोट्टे मोबाइल घेऊन उभे दिसले, की हिची चाल बदलायची. गोविंदानं अशी चाल यार्डाच्या गेटवर शंभरदा पाहिली होती. अंगावर माल असलेला माणूसच असा चालतो.

मग त्यानं घर तपासलं. पलंगाखाली पाहिलं, पाण्याच्या ड्रमात काठी घालून पाहिली, पोरीची बॅग उलटी केली. बॅगेतून पुस्तकं निघाली, कंगवा निघाला, अर्धवट खाल्लेलं बिस्किट निघालं. शेवटी तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून तो ढवळत होता, तेव्हा वच्छला मागे येऊन उभी राहिली.

"अजी, काय शोधून राह्यले?"

"उंदीर."

"उंदीर हातानं पकडते काय कोणी?"

गोविंदानं हात झटकला आणि बाहेर गेला. वच्छला कितीतरी वेळ त्या कोठीकडे पाहत राहिली.

सापडलं काही नाही, म्हणून संशय कमी झाला असं नाही. उलट वाढला. घरी नाही म्हणजे दुसरीकडे ठेवतात. आणि तेवढ्यात फोन यायला लागले.

घरात मोबाइल एकच, गोविंदाचा. कॉलेजात, नात्यात, सगळीकडे दामिनीनं तोच नंबर दिलेला. एका संध्याकाळी अनोळखी नंबरावरून कोणी हिंदीत विचारलं, "दामिनी का नंबर है ना?"

"हाव. कोण बोलून राह्यलं?"

"माल कब दिखाएगी?"

गोविंदाच्या हातातला फोन गरम झाल्यासारखा झाला. तो काही बोलायच्या आत फोन कटला. दुसऱ्या दिवशी दुसरा. मग तिसरा. कोणी हसायचं, कोणी नुसतं 'दामिनी दामिनी' म्हणायचं, पण बहुतेकांच्या तोंडी शब्द एकच, माल. गोविंदाची खात्री पटली. हे गल्लीतल्या पोट्ट्यांचं काम नाही, हिंदी बोलणारे मोठे व्यापारी आहेत, आणि पोरीला मध्ये घालून यार्डाचा स्क्रॅप काढायचा डाव आहे. चौकीदाराचीच पोरगी धरली की गेट आपोआप उघडतं. हे सगळं त्याला इतकं साफ दिसलं, की स्वतःच्या हुशारीचं थोडं समाधानही वाटलं. माणूस किती मूर्ख असू शकतो पाहा.

आणि मग त्यानं ती गोष्ट केली. त्याला वाटलं, आपण सापळा लावतो आहोत. फोन आला तेव्हा तो अंगणात होता. त्यानं आवाज मऊ केला आणि जमेल तशा हिंदीत म्हणाला, "हां हां, माल है ना. घर में ही है. कब आते देखने को?"

पलीकडे एकदम बऱ्याच जणांचं हसणं ऐकू आलं.

"तू कौन है बे?"

"मी घरचाच आहे," गोविंदा म्हणाला. "बोल, कुठी भेटायचं?"

फोन बंद झाला. भेटायला कोणी आलं नाही. गोविंदा दोन दिवस वाट पाहून चिडला. आपला आवाज ओळखला असावा, असं त्यानं मनाशी ठरवलं.

त्यानंतर एक दिवस दामिनी कॉलेजातून आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. वच्छलानं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. "काय झालं वं माय?" म्हणून विचारलं, तर तिनं चादर डोक्यावर ओढली. आता मात्र गोविंदाला राहवेना. वच्छला पाण्याला गेलेली पाहून तो पोरीच्या उशाशी जाऊन बसला.

"दामिनी, मले सगळं मालूम आहे."

ती उठून बसली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"काय मालूम आहे, बाबा?"

"थे स्क्रॅपाचं. तुया नावानं कोण टाकून राह्यलं, कसं टाकून राह्यलं, सगळं."

दामिनीला आधी विश्वासच बसला नाही. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि गोविंदाला ते पाणी पश्चात्तापाचं वाटलं. तिला मात्र सुटल्यासारखं झालं होतं. कितीतरी दिवस जे बापाला कसं सांगू म्हणून ती झुरत होती, ते बापाला आधीच कळलं होतं.

"बाबा, मी नाई टाकलं," ती म्हणाली. "आईची शपथ. एक बी नाई टाकलं. नाव माह्यं आहे, फोटो माह्या आहे, पण मी नाई."

"फोटो?" गोविंदा पुढे सरकला. मालासकट फोटो काढला म्हणजे पुरावाच झाला. "फोटो बी आहे? कोणी पाह्यला?"

"सगळ्यायनं. पूर्ण कॉलेजनं."

"अन् नाव बी तुयंच."

"हाव. पण मी नाई ना टाकलं, बाबा."

"पकडला गेलेला हरेक माणूस असंच म्हणते," गोविंदा म्हणाला. आवाज चढू नये म्हणून त्यानं दात आवळले होते. "नाव तुयं, फोटो तुया, फोन माह्या घरी येते, अन् तू म्हणते मी नाई. मंग कोणी केलं, म्या? काय कमी केलं होतं तुले? असे धंदे करायले कॉलेजात धाडलं काय? आता घराच्या बाहेर पाय नाई टाकायचा. कॉलेज बंद. परीक्षा गिरीक्षा काही नाई. कोणी विचारलं तं तोंड उघडायचं नाई."

दामिनीचं रडणं थांबलं. ती बापाकडे अशी पाहायला लागली, की जणू हा माणूस कुठून घरात आला तेच तिला कळत नव्हतं. मग तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

वच्छला आली तेव्हा गोविंदानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, पोरगी स्क्रॅपच्या लफड्यात सापडली. वच्छलाला स्क्रॅप म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "पोरगी काय म्हणते?"

"म्हणते, मी नाई केलं."

"मंग नाई केलं तिनं."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"त्याच्यातलं नाई समजत. पोरीतलं समजते," वच्छला म्हणाली आणि चुलीकडे वळली. गोविंदाला बायकोचा असा राग आला, की त्यानं त्या दिवशी जेवण सोडलं.

दामिनी घरी बसली. पुस्तकाला हात लावेना. रंजीता दोनदा येऊन गेली, तिला गोविंदानं दारातूनच परत पाठवलं. पण परत जाताना ती पोट्टी दोन्ही वेळा स्टेशनच्या रस्त्याला वळली, हे त्यानं बरोबर हेरलं. तिचं घर त्या बाजूला नव्हतं. तिसऱ्यांदा ती आली, तेव्हा तिला वाटेला लावून तो अंतर ठेवून तिच्या मागे निघाला. पेपर मिलची शिफ्ट सुटली होती, रस्त्यावर सायकलींची गर्दी, त्यामुळे लपायला अडचण नव्हती.

रंजीता एका दुकानात शिरली. बाहेर पाटी, नेट कॅफे. आत प्लायवूडचे कप्पे, कप्प्याकप्प्यात कॉम्प्युटर. गोविंदानं सगळ्यांत आधी मागची भिंत पाहिली. मागे गोदाम असणार. माल तिथेच असणार. त्यानं कॅफेवाल्याला काही विचारलं नाही, थेट रंजीताच्या कप्प्याशी जाऊन उभा राहिला.

"कुठी ठेवता?"

रंजीता दचकून उभी राहिली. "काय, काकाजी?"

"स्क्रॅप. कुठी ठेवून राह्यले तुमी लोकं? माग्यं दार आहे काय?"

रंजीतानं कॉम्प्युटरकडे बोट केलं. "काकाजी, स्क्रॅप तं हे इथंच आहेत."

पडद्यावर दामिनी होती. गॅदरिंगच्या नाचातला फोटो, बाकीच्या पोरी कापून टाकलेल्या, एकटी तीच ठेवलेली. केसात अबोलीचा गजरा. गोविंदानं तो गजरा स्वतः बाजारातून आणून दिला होता.

"हे काय होय?"

मग रंजीतानं त्याला समजावलं. सावकाश, हळू आवाजात, शेजारच्या कप्प्यात ऐकू जाऊ नये म्हणून. इथे ज्याला वाटेल तो कोणाच्याही नावानं पान उघडू शकतो. कोणीतरी दामिनीच्या नावानं उघडलं. तिचा फोटो लावला. आणि त्या नावानं कॉलेजातल्या पोरांना, सरांना, कुठल्या कुठल्या परक्या माणसांना घाणेरडे निरोप टाकले, मीच दामिनी, मला फोन करा म्हणून. त्या निरोपाला म्हणतात स्क्रॅप. कोणी केलं ते कळत नाही. वर्गातलं कोणी असेल, बाहेरचं असेल. दामिनीला पुसता येत नाही, कारण पान तिचं नाहीच. रंजीता रोज येऊन तक्रार टाकते, आणि सगळ्या मैत्रिणींनाही टाकायला लावते. कधीतरी निघेल.

"अन् हा नंबर?" गोविंदानं विचारलं. फोटोच्या खाली आकडे होते.

"तुमचाच होय, काकाजी."

गोविंदानं आकडे एकेक करून पाहिले. त्याचेच होते. मग त्याला ते फोन आठवले, आणि त्यातला माल हा शब्द आठवला. त्याला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं, पण कप्प्यात जागा नव्हती.

"लोकायनं काय लिहिलं? वाच."

"नका ना, काकाजी."

"वाच म्हणतो ना, पोरी."

रंजीतानं एकदोन ओळी मनातच वाचल्या आणि सोडून दिल्या. एक मात्र तिनं वाचली, बहुधा तिला विचारायचंच होतं म्हणून. "कोणीतरी लिहिलं आहे, मी फोन केला होता, हिच्या घरचा माणूसच बोलला, माल घरीच आहे, पाहायला या. हे टाकल्यापासून दामिनीची बेज्जा हालत केली पोट्ट्यायनं. खोटंच असन ना हे, काकाजी?"

गोविंदा कप्प्यापासून मागे सरला. तो बाहेर आला. सायकल कुठे लावली होती ते त्याला आठवेना. मग आठवलं, की सायकल आणलीच नव्हती. तो चालत घरी आला.

वच्छला आणि दामिनी ओट्यावर झिंगे निवडत बसल्या होत्या. गोविंदा त्यांच्यासमोर खालीच बसला. त्याला बोलायला कुठून सुरुवात करावी कळेना. शेवटी त्यानं जे होतं ते सांगितलं. स्क्रॅप म्हणजे त्याला भंगार वाटलं. तो लोखंडतांब्याचा माल समजला. ती चोरांच्या टोळीत सापडली असं त्याला वाटलं. आत्ता रंजीतानं सगळं दाखवलं.

दामिनीचे हात थांबले. "भंगार?"

"हाव."

वच्छलानं तोंडाला पदर लावला. हसू की रडू, तिचं तिलाच समजत नव्हतं.

"मंग मले कॉलेज बंद केलं थे..."

"मले वाटलं तू चोरी केली."

दामिनीनं पुढचा झिंगा उचलला. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि तिनं मान वर केली.

"फोनवर तुमी बोलले होते काय, बाबा? माल घरीच आहे म्हणून?"

खोटं बोलायची सोय होती. गोविंदाला ते सुचलंही. पण तो म्हणाला, "हाव. मीच होतो. मले वाटलं, चोर पकडतो."

"सगळं कॉलेज म्हणत होतं," दामिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "म्हणत होतं, हिच्या घरच्यायनंच सांगतलं. माह्या तोंडावर म्हणत होते. मी म्हणलं, शक्यच नाई. माहे बाबा असं बोलणारच नाई कधी. त्याच्यापायी वर्गात भांडली मी. रंजीता म्हणे, एकदा घरी विचारून तं पाह्य. मी म्हणलं, विचारायची गरज नाई मले."

गोविंदानं हात पुढे केला, पण पोरीच्या डोक्यापर्यंत तो नेववेना.

"माह्यं चुकलं, माय," तो म्हणाला. "उद्यापासून कॉलेजात जाय. मी संगं येतो. सरायले सांगतो, पोलिसायले सांगतो. तू काही बी केलं नाई, मले मालूम आहे आता."

"आता मालूम आहे, बाबा," दामिनी म्हणाली. "मालूम झाल्यावर तं कोणीबी मानते."

तिनं निवडलेले झिंगे टोपलीत टाकले, हात धुतले आणि ती आत गेली. वच्छला टोपली उचलून तिच्या मागे गेली. गोविंदा ओट्यावरच बसून राहिला. अंधार पडला, आतून भाताचा वास यायला लागला, पण त्याला कोणी आत बोलावलं नाही.